धाग्यापर्यंत पाणी

हिंगण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि मी नागपुरात खोली शोधत फिरू लागलो. तिसऱ्या दिवशी जे घर सापडलं, त्या घरमालकांनी मला गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, मटण खातो का हेही विचारलं नाही. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहून घेतलं आणि म्हणाले, "वजन किती?"

"बासष्ट."

"जोडे काढून?"

"हो."

"चालते. जरासं वाढवजो." एवढं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. वजनाचा आणि खोलीचा काय संबंध, हे मला उन्हाळ्यापर्यंत कळलं नाही.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. उंच, काटकुळा माणूस, मान जराशी पुढे झुकलेली. ती नोकरीत झुकली होती. तलावात आणि धरणात आकडे रंगवलेली पट्टी उभी असते, ती रोज वाचायची आणि पाणी कुठवर आहे ते लिहून ठेवायचं, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. न पाहिलेलं लिहायचं नाही, एवढा एकच नियम त्यांनी पाळला. एकदा तापाने फणफणल्यामुळे त्यांचा एक दिवस चुकला. एका दिवसात पाणी कुठे पळून जातं का, कालचाच आकडा लिहा, असं सोबत्यांनी समजावलं. काकाजींनी चौकोन रिकामा ठेवला. हा रिकामा चौकोन त्यांनी मला तीनदा तरी सांगितला असेल, आणि दरवेळी तो सांगताना ते ताठ बसायचे.

निवृत्त झाल्यावर मोजायला पाणी उरलं नाही. मग त्यांनी घरातलं पाणी मोजायला घेतलं. गच्चीवरच्या टाकीत पट्टी उभी राहिली, कूलरला ऑइल पेंटने आकडे आले, आणि एका सकाळी स्वयंपाकघरातल्या माठावरही लाल रेघा दिसल्या.

"माठात पाणी किती आहे ते मले वाकून दिसते," काकू म्हणाल्या.

"वाकल्यावर अंदाज होते. मोजमाप नाही होत."

काकू फार बोलत नसत. त्यांनी त्याच दिवशी माठ फिरवून रेघा भिंतीकडे केल्या. काकाजींनी दुसऱ्या बाजूनेही रेघा काढल्या, आणि विषय तिथे संपला.

पाण्याखेरीज त्यांना दुसरा नाद पतंगीचा. संक्रांतीला नागपूरची एकही गच्ची रिकामी नसते, पण आमच्या गल्लीत काकाजी गच्चीवर आले की आजूबाजूचे दहा-पंधरा जण आपली पतंग हळूच उतरवून घ्यायचे. बोटांना चिकटपट्टी गुंडाळून ते सूर्य उगवल्यापासून उभे असत. समोरची पतंग अंगावर आली की बाकीचे ढील देतात. काकाजी खेचायचे. ढील हा शब्द ते तोंडात येऊ द्यायचे नाहीत. मी राहायला आल्यावरच्या पहिल्याच संक्रांतीला मात्र त्यांचीच पतंग कापली गेली. सगळीकडून "ओ काट!" चा ओरडा झाला. काकाजी खाली बसले आणि हवेत लोंबणारा उरलेला धागा शेवटच्या हातापर्यंत गुंडाळत राहिले. मी म्हणालो, जाऊ द्या. तर म्हणाले, "पतंग गेली. धागा तर आपला आहे."

तर असा हा माणूस, मी खोली शोधत येण्याच्या थोडंच आधी, एका दुपारी दाढ काढायला गेला. दवाखान्यात भिंतीवर टीव्ही होता. त्यात कुठल्याशा खाडीच्या शांत पाण्यात एक माणूस फळीवर उभा होता, कमरेला पट्टा, हातात दांडी, आणि वर खोलीएवढी पतंग. पतंग ओढत होती आणि माणूस पाण्यावरून सरसर जात होता. काकाजी दाढ तशीच ठेवून घरी आले.

"आपण आजवर उलटं करून राहिलो होतो," गालावर हात धरून त्यांनी काकूंना सांगितलं. "आपण पतंगीले उडवतो. तिनं माणसाले उडवाले पाहिजे."

"दाढ काढली का?" काकू म्हणाल्या.

संक्रांतीनंतर अशी एक पतंग त्यांनी कोणाकडून तरी जुनी मिळवली. ती आली तेव्हा गादीच्या वळकटीएवढी होती. तिच्या पुढच्या कडेला एक जाड नळी असते, तिच्यात हवा भरली की ती कमानीसारखी उभी राहते. काकाजींनी सायकलच्या पंपाने तीन तास हवा भरली. पतंग उभी राहिली आणि बैठकीची खोली संपली. संध्याकाळपर्यंत काकू स्वयंपाकघरात अडकून होत्या. तरी त्यांनी आतूनच पोळ्या लाटल्या आणि खिडकीतून माझ्या हातात दिल्या.

नागपुरात वारा नसतो असं कोणी म्हणू नये. मे महिन्यात लू वाहते, तीत माणूस भाजून निघतो. गावाबाहेर एक लेआउट होतं. प्लॉट पाडलेले, नंबरांचे दगड रोवलेले, घर एकही नाही. तिथे सराव ठरला. फळी म्हणून काकूंच्या लग्नातला पाट होता, त्याला सायकलच्या ट्यूबचे पट्टे ठोकलेले. काकाजींनी पाटावर पाय अडकवले, पतंगीचा पट्टा कमरेला बांधला आणि एक दोर स्वतःच्या कमरेतून माझ्या कमरेत घेतला. तेव्हा मला खोलीचा आणि वजनाचा संबंध कळला.

"मी बस म्हटलं का खाली बसजो," ते म्हणाले.

त्यांनी बस म्हटलं आणि मी बसलो, आणि बसल्याबसल्या निघालो. मुरमावरून, वाळक्या गवतावरून, सतरा नंबरच्या प्लॉटपासून चोवीस नंबरच्या प्लॉटपर्यंत आम्ही दोघं एकापाठी एक गेलो. पुढे बाभूळ होती. धूळ खाली बसल्यावर काकाजींनी चष्मा शोधला, मागे वळून आम्ही आलो ती वाट पाहिली आणि म्हणाले, "बासष्ट कमी पडले."

त्या संध्याकाळी काकूंनी आमच्या गुडघ्यांना हळद लावली. काकाजींना वाटलं, हीच वेळ बरी आहे. ते म्हणाले की जमिनीवर खरचटते, हे काम पाण्यातलंच आहे. काकूंचा हळदीचा हात थांबला.

काकूंचं माहेर भिवापूरकडचं. त्या अकरा वर्षांच्या असताना त्यांचा थोरला भाऊ गावच्या तलावात पोहायला उतरला. त्याचा सदरा आणि चपला मांडीवर घेऊन त्या काठावर बसल्या होत्या. अंधार पडला तरी त्या उठल्या नाहीत, कारण त्याने सांगितलं होतं, इथेच बस. त्यानंतर काकूंनी वाहत्या किंवा साचलेल्या पाण्यात पाऊल ठेवलं नाही. घाटावर गेल्या तरी वरच्या पायरीवर बसायच्या आणि काकाजी खालून तांब्या भरून आणून त्यांच्या पायावर ओतायचे. लग्न झाल्यावर त्यांनी काकाजींकडून एकच वचन घेतलं होतं. म्हणून एकतीस वर्षं पाण्याच्या काठावर उभं राहूनही काकाजींना पोहता येत नव्हतं. पाणी त्यांनी फक्त वाचलं.

पण आता ते ऐकेनात. त्यांनी मोबाइलच्या नकाशावर कोकणातली एक खाडी शोधून काढली. नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक लांब दांडा आडवा पडलेला होता, त्याच्या आत पाणी सपाट, आणि एक बाई तिथे हा खेळ शिकवत होत्या. "हे बंद पाणी आहे," नकाशावर बोट ठेवून ते रोज सांगायचे. "हा दांडा म्हणजे धरणाची भिंतच समज. लाट नाही, काही नाही. कमरेएवढं पाणी. त्यात बुडाचं म्हटलं तर वाकावं लागते."

सगळा पावसाळा काकूंनी ऐकून घेतलं. मग दिवाळीनंतर एका सकाळी कपडे वाळत घालायची बांबूची काठी घेऊन त्यांनी काकाजींना दाराच्या चौकटीला टेकवून उभं केलं. काठी शेजारी धरली आणि त्यांच्या कमरेच्या उंचीवर तिला लाल धागा बांधला. गाठी तीन मारल्या.

"कमरेपर्यंत म्हणता ना? मंग कमरेपर्यंतच."

"बराबर आहे," काकाजी म्हणाले.

"हा धागा बुडाल्यावर एक मिनिट जरी पाण्यात राहिले, तर ती पतंग माळ्यावर. मंग नाव नाही काढाचं."

"बराबर आहे."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तू जाजो सोबत. काठी तुह्या हातात. धागा बुडाला का त्याईले बाहेर काढजो. आणि मी फोन लावीन तवा खरं सांगजो." मी मान डोलावली. रजेचा अर्ज त्यांनी मला समोर बसवून लिहायला लावला.

आम्ही दोन दिवसांचा प्रवास करून पोचलो ते सकाळी दहाच्या सुमारास. खाडीत पाणी नव्हतं. होड्या कलंडून पडल्या होत्या, चिखलात खेकडे पळत होते, दूरवर बायका वाकून शिंपल्या गोळा करत होत्या, आणि मधोमध एक बारीक ओहोळ वाहत होता. काकाजी काठी हातात धरून काठावर उभे राहिले. शिकवणाऱ्या मॅडम पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, पदर खोचलेल्या. त्या समोरून येताना दिसल्या.

"पाणी कोणं सोडलं?" काकाजींनी विचारलं.

"खयचा पाणी?"

"इथलं. गेट कुठे आहे?"

"गेट नाय हयसर."

"मंग हुकूम कोणाचा?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं. "चंद्राचो," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या.

भरती-ओहोटी काकाजींना शाळेत शिकवली होती, पण त्यांच्या समजुतीने ती समुद्राची भानगड होती. दांड्याच्या आतलं, नकाशावर इतकं नीट बंद दिसणारं पाणीही रोज दोनदा निघून जातं, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं. दुपारपर्यंत ते काठी धरून काठावरच बसले. मग दुपारी पाणी परत आलं. चिखलातून बोटाबोटाने, आवाज न करता. काकाजी एकेक पाऊल मागे घेत काठी रोवत गेले. एकतीस वर्षं पाणी वाचलेल्या माणसाने, कोणी न सोडता आपल्या मनाने गेलेलं आणि आपल्या मनाने परत आलेलं पाणी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. मी दुसरीकडे पाहिलं.

"हे जितं आहे गा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून शिकणं सुरू झालं. डोक्याला टोप, अंगात तरंगवणारं जाकीट, कमरेला पट्टा. पाणी गुडघ्याच्या वर आलं आणि समुद्रावरून दुपारचा वारा सुटला की मॅडम त्यांना आत न्यायच्या. मी काठी रोवून तिच्याशेजारी उभा राहायचो. या खेळात एकच गोष्ट आधी शिकावी लागते. पतंग जोरात ओढायला लागली की हातातली दांडी सोडायची. सोडली की पतंगीचा जोर जातो. खेचली की तो दुप्पट होतो.

"काका, सोडा! दांडी सोडा!" मॅडम ओरडायच्या.

काकाजी खेचायचे. सगळ्या नागपूरची संक्रांत त्यांच्या हातात होती, ती सुटणार कशी? चार दिवस ते रोज आठ-दहा वेळा पाण्यातून उपटून निघाले आणि तोंडावर पडले. नाकातून खारं पाणी काढत ते मला म्हणाले, "बाई चांगली आहे. पण पतंगवाल्याले पतंग सोडाले सांगून राहिली."

मॅडमही हट्टी. पाचव्या दिवशी त्यांनी काकाजींना वाळूत उभं केलं आणि शंभर वेळा नुसती दांडी धरायला आणि सोडायला लावली, पतंग न लावता. काकाजी मोठ्याने मोजत होते. साठाच्या पुढे त्यांचा चेहरा पाहवेना.

सहावा दिवस शेवटचा होता. रात्रीची गाडी होती. रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकत आता भरती संध्याकाळी यायला लागली होती. चारला पाणी मांडीपर्यंत होतं, वारा एकसारखा होता. काकाजी तीनदा पडले. चौथ्यांदा पतंग अंगावर आली, तशी त्यांनी दांडी सोडली. पतंग शांत झाली. त्यांनी परत हलकेच दांडी धरली, फळी पाण्याला टेकली, आणि एकसष्ट वर्षांचा तो लांब माणूस पाण्यातून उठून पाण्यावर उभा राहिला.

ते माझ्यासमोरून गेले. गुडघे वाकलेले, तोंड उघडं, आवाज काहीच नाही. फक्त फळीखाली पाणी फाटल्याचा सर्र आवाज. शंभर पावलं जाऊन ते अलगद पाण्यात बसले. मॅडमनी त्यांना वळवून दिलं. ते परत उठले आणि परत आले. दरवेळी माझ्यासमोरून जाताना ते मान वळवून काठीकडे पाहायचे. धागा दिसला की पुढे जायचे. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. बहुतेक "ओ काट!" असेल.

पाणी चढत होतं. पाच वाजून गेल्यावर ते धाग्याला टेकलं. मग धागा भिजला. मग तो पाण्याखाली लाल दिसू लागला, आणि काकाजी दांड्याकडच्या टोकाला वळत होते. मला हाक मारायची होती. एवढंच माझं काम होतं, त्यासाठीच मला तिथवर पाठवलं होतं. मी तोंड उघडलं, आणि त्यांना उठताना पाहिलं. मी काठी वाळूतून उपटली आणि वीतभर वर उचलून धरली. धागा पाण्याबाहेर आला. काकाजी समोरून गेले, त्यांनी पाहिलं, आणि ते पुढे गेले. ते गेले की काठी परत रोवायची, आले की उचलायची, असं मी अर्धा तास केलं.

गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन होता, तो वाजला.

"धागा दिसून राहिला का?" काकूंनी विचारलं.

"दिसून राहिला, काकू."

त्या "बरं," म्हणाल्या.

अंधारू लागल्यावर काकाजी बाहेर आले. ओठ निळे, आणि चेहरा मी त्या आधी किंवा नंतर कोणाचाही तसा पाहिलेला नाही. त्यांनी माझ्या हातातून काठी घेतली. सवयच ती. अंगठा धाग्यावरून फिरवला, मग धाग्याच्या वर फिरवला. काठी तिथेही वीतभर ओली होती.

"हे ओलं कसं?"

"लाट आली असेल," मी म्हणालो.

"इथं लाट नाही," काकाजी म्हणाले.

त्यापुढे दोन दिवसांच्या प्रवासात ते माझ्याशी बोलले नाहीत. मला रागावले असते तर बरं झालं असतं. वर्ध्याला त्यांनी मला न विचारता चहा घेऊन दिला. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एक खोटा आकडा गेला नव्हता, आणि मी त्यांच्या डोळ्यांसमोर पट्टीच उचलून धरली होती.

काकू फाटकापाशी उभ्या होत्या. काकाजींनी चपला काढायच्या आधी सांगितलं, "पाणी धाग्याच्या वर होतं. एक वीत. अर्धा तास."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "हा तर दिसते म्हणाला."

"मी सांगतो काकू," मी सुरुवात केली.

"काठी वाचाचं काम माहं होतं," काकाजी मधेच म्हणाले. "मी दुरून वाचली. जवळून वाचाले पाहिजे होती." आणि त्यांनी स्वतःच शिडी लावून पतंग माळ्यावर टाकली. माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही आणि नंतरही नाही.

काकूंनी माझ्याशी बोलणं सोडलं. भाजीची वाटी तेवढी येत राहिली, पण ती काकाजी आणून द्यायचे. त्या संक्रांतीला काकाजी गच्चीवर आले आणि नुसते उभे राहिले. मला फार लाज वाटली. डिसेंबरपासून माझी पुण्याला बदली ठरली होती, ती लांबत लांबत संक्रांत झाल्यावर झाली. निघायच्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो, काकूंच्या पाया पडलो आणि काठी मी उचलली होती हे सांगून टाकलं.

"मालूम आहे," त्या म्हणाल्या. "त्याईले खोटं वाचता येत नाही." मग बराच वेळ कणीक मळत राहिल्या. "तुहं काही नाही बाबू. मीच दुसऱ्याच्या डोळ्यानं पाणी पाहाले गेली."

मार्च उजाडला. पुण्यातल्या कारखान्यात दुपारचं जेवण चालू होतं आणि फोन आला. काकूंचा नंबर. मी हात न धुता उचलला. पलीकडे वाऱ्याचा घोंघाट इतका होता की आधी काहीच कळेना.

"मी बोलून राहिली, काकू."

"कुठून बोलून राहिल्या?"

"खाडीवरून." त्यांना धाप लागली होती. "आयक. पाणी कमरेपर्यंत आलं."

"मग त्यांना हाक मारा काकू, लवकर बाहेर काढा."

"कोणाले?"

"काकाजींना."

"त्याईचं मले काय मालूम? ते तिकडं दूर पाण्यावर फिरून राहिले," काकू म्हणाल्या. "मी माह्या कमरेचं सांगून राहिली."